आतड्याचे अस्तर जपणाऱ्या जीवनसत्त्वाच्या संशोधक लुसी विल्स

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या चिवट विकारावर सल्फासॅलाझिन देताना डॉक्टर बहुधा फॉलिक ॲसिडची गोळीही लिहून देतात. या गोळीचा माग थेट परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत जातो.

डॉ. लुसी विल्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये १० मे १८८८ रोजी झाला. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकलेल्या विल्स वैद्यकाकडे उशिराच वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या, तेव्हा येथील गरीब वस्त्यांतील गरोदर स्त्रिया एका विचित्र रक्तक्षयाने दगावत होत्या. रक्तातील तांबड्या पेशी आकाराने फुगत आणि संख्येने घटत. विल्स यांनी आधी जंतूंचा शोध घेतला, मग या स्त्रियांच्या ताटात काय असते ते पाहिले. फळे, भाज्या आणि जीवनसत्त्वे यांचा तेथे दुष्काळच होता.

तोच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीर आजारी पडले खरे, पण त्यांचा आजार उवांमुळे पसरणाऱ्या जंतूंचा असल्याचे पुढे दिसून आले. तरीही दिशा चुकली नाही. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने आधी माकड आणि मग रुग्ण स्त्रियाही सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्माइटमधील अज्ञात द्रव्य ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

तेच हे फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि १९४५ मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवले. सुब्बाराव स्वतः तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या रोगाने ग्रासले होते.

आतड्याच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. जंतूंना दूर ठेवणारा बुळबुळीत थर, म्हणजे श्लेष्मा, याच अस्तरातील काही पेशी स्रवतात. नव्या पेशी घडण्यास फॉलिक ॲसिड लागते आणि सल्फासॅलाझिन नेमके त्याचेच शोषण रोखते. म्हणून ही जोडगोळी.

गरोदरपणी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आज इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्यासारख्या गावातही मिळते.

विल्स अविवाहित राहिल्या. उतारवयात त्या चेल्सीच्या नगरसेविका झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.