सागरी अस्वलांचा शेजारी : गेओर्ग विल्हेल्म स्टेलर

सीलला आपण सर्रास 'सील मासा' म्हणतो. परंतु तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, जमिनीवर अथवा बर्फावर पिलाला जन्म देतो व त्यास दूध पाजतो. उत्तर पॅसिफिकमधील फर-सील आणि सागरसिंह यांचे जीवन ज्याने प्रथम शास्त्रीय दृष्टीने लिहून ठेवले, तो मनुष्य खरे पाहता पाळक व्हावयाचा होता.

गेओर्ग विल्हेल्म स्टेलरचा जन्म १७०९ साली जर्मनीतील विन्डसहाइम या लहानशा नगरात झाला. वडील तेथील चर्चचे गायनप्रमुख होते. १७२९ साली तो ईश्वरविज्ञान शिकण्यासाठी विटेनबर्गला गेला, तेथून हाले येथे आला. हाले हे नाव भारतीय ख्रिस्ती वाचकांस अपरिचित नाही. १७०६ साली तरंगमबाडीस उतरलेल्या झिगेनबाल्गच्या मिशनला ज्या गावाने वर्षानुवर्षे माणसे व पैसा पुरविला, तेच हे गाव. तेथील फ्रांके यांच्या अनाथाश्रमाच्या शाळेत स्टेलरने अध्यापन केले. पण त्याचे मन व्यासपीठापेक्षा वनस्पतिशास्त्र व शरीररचनाशास्त्र यांत अधिकाधिक रमू लागले. जर्मनीत पद मिळण्याची आशा मावळल्यावर त्याने रशियाची वाट धरली आणि १७३४ साली जखमी सैनिकांच्या जहाजातून तो सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. तेथे आर्चबिशप प्रोकोपोविच यांनी त्याला आपला वैद्य म्हणून ठेवून घेतले. पुढे सायन्स अकादमीने त्यास सैबेरियात पाठविले. सोबत निघालेली पत्नी मॉस्कोहूनच परत फिरली, ही जखम त्याला जन्मभर पुरली.

जून १७४१ मध्ये कप्तान व्हिटस बेरिंगच्या 'सेंट पीटर' या गलबतावर तो कामचाटकाहून अमेरिकेच्या शोधात निघाला. जुलैत अलास्काचा किनारा दिसला. ज्या भूमीसाठी वर्षानुवर्षे तयारी केली, तेथे स्टेलरला जेमतेम दहा तास मिळाले! परतीच्या वाटेवर खलाशांना स्कर्व्हीने ग्रासले. स्टेलरने किनाऱ्यावरील औषधी पाला गोळा करण्याचा आग्रह धरला, परंतु अधिकाऱ्यांनी त्याला उडवून लावले. त्याची जीभ तिखट होती व स्वभाव अभिमानी, हेही येथे सांगितले पाहिजे. खरे बोलणाऱ्याचे न ऐकण्यास लोकांना तेवढे निमित्त पुरते. नोव्हेंबरात गलबत एका ओसाड बेटाला लागून फुटले. डिसेंबरात बेरिंग मरण पावला. सत्तरहून अधिक माणसांपैकी ४६ जगली, आणि ती जगली यात स्टेलरने आणलेल्या हिरव्या पाल्याचा व ताज्या मांसाचा मोठा वाटा होता.

वाळूत खणलेल्या खड्ड्यांत हिवाळा काढल्यावर १७४२ च्या वसंतात बेटावर फर-सीलांचे कळप येऊ लागले. स्टेलर त्यांना सागरी अस्वले म्हणे. उपाशी खलाशांच्या लेखी ते अन्न होते, स्टेलरच्या लेखी ते शिवाय काहीतरी अधिक होते. कळपांच्या मधोमध आडोसा उभारून तो दिवसच्या दिवस बसून राहिला. नर आधी येतात आणि जागेसाठी रक्तबंबाळ होईतो झुंजतात; माद्या मागाहून येऊन लवकरच एकेक काळे पिलू देतात; एका नराभोवती पन्नास-पन्नास माद्या जमतात; माता मेंढीसारखी साद घालून पिलास हाक मारते, हे सारे त्याने टिपले. मेलेल्या सीलांच्या मोजमापांवर थांबणारे अभ्यासक तेव्हा पुष्कळ होते. जिवंत प्राण्यांचा संसार न्याहाळणारा हा विरळाच. संतापलेले व जखमी नर ढळढळा अश्रू गाळतात, असेही त्याने लिहिले व त्यात त्याला शोक दिसला. नेत्रांतून नाकात उतरणारी अश्रुनलिका सीलांना नसते, म्हणून पाणी गालांवरून वाहते, हे आज आपणांस ठाऊक आहे. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र माणसाच्या काळजातला होता.

एक गोष्ट त्याला कळणे शक्यच नव्हते. मादी पिलाला जन्म देताच थोड्याच दिवसांत पुन्हा गर्भ धारण करते. पण तो गर्भ सुमारे चार महिने वाढ थांबवून राहतो व मगच गर्भाशयात रुजतो. म्हणून पिलू बरोबर वर्षाने, सारा कळप पुन्हा त्याच किनाऱ्यावर जमला असताना जन्मास येते.

त्याच बेटावर त्याने सागरसिंह, समुद्री पाणमांजर आणि सुमारे २५ फूट लांबीची सागरी गाय यांचेही वर्णन लॅटिनमध्ये लिहिले. गायीच्या विच्छेदनाला हात लावावा म्हणून मदतनिसांना तंबाखू द्यावी लागे, आणि इकडे कोल्हे त्याचे कागद व दौत पळवीत. ऑगस्टमध्ये मोडक्या गलबताच्या लाकडांतून बांधलेल्या लहान नावेने सर्वजण निघाले. जागा नव्हती, म्हणून जमविलेले बहुतेक नमुने तेथेच टाकावे लागले. हस्तलिखिते मात्र आली. खलाशांसोबत पाणमांजरांची कातडीही आली, आणि शिकाऱ्यांना त्या बेटाची वाट ठाऊक झाली.

कामचाटकात त्याने कैदेत डांबलेल्या काही कामचदल लोकांना सोडून दिले. त्याबद्दल त्याच्यावर बंडखोरांना साथ दिल्याचा आरोप आला. तो निर्दोष ठरला. परंतु त्या धावपळीत नोव्हेंबर १७४६ मध्ये त्यूमेन येथे तापाने मरण पावला. वय अवघे ३७.

त्याचे सागरी प्राण्यांवरील लेखन १७५१ साली प्रसिद्ध झाले. १७६८ पर्यंत सागरी गाय नामशेष झाली होती. जिवंतपणी तिचा अभ्यास केलेला शास्त्रज्ञ स्टेलरवाचून दुसरा झाला नाही. फर-सीलांची कत्तल दीडशे वर्षांहून अधिक काळ चालली, व १९११ साली रशिया, जपान, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या करारानंतर ती आटोक्यात आली. त्याचे नाव धारण करणारा स्टेलरचा सागरसिंह पश्चिम अलास्कात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सन २००० पर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटला. त्याची कारणे शोधणारे संशोधक आजही उन्हाळ्यात त्या किनाऱ्यांवरील पिले मोजतात.