अनाथांचे पिता : संत जेरोम एमिलियानी

दरवर्षी ८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जेरोम एमिलियानी ह्यांचे स्मरण करते. आपल्या धर्मग्रामांत हे नाव क्वचितच ऐकू येते. तथापि परक्याच्या लेकराला आपल्या घरात, आपल्या पंगतीत जागा देणे म्हणजे काय, हे आपण त्यांच्या चरित्रातून शिकू शकतो.

जेरोम ह्यांचा जन्म १४८६ साली इटलीतील व्हेनिस नगरीत एका सरदार घराण्यात झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. तरुणपणी ते सैन्यात दाखल झाले. स्वभाव तापट होता आणि धर्माकडे फारसे लक्ष नव्हते. १५११ साली पियावे नदीकाठचा कास्तेलनुओवो हा किल्ला लढवीत असता ते शत्रूच्या हाती सापडले. साखळदंडांनी जखडून त्यांना अंधारकोठडीत टाकण्यात आले. तेथे त्यांनी पवित्र मरियेचा धावा केला. सुमारे महिनाभराने ते मुक्त झाले. ही सुटका मातेच्याच कृपेने झाली, अशी त्यांची श्रद्धा होती. त्रेव्हिसो येथील मरियेच्या मंदिरात जाऊन त्यांनी आपले साखळदंड तिच्या चरणी वाहिले, असे परंपरा सांगते.

पण कोणीही एका दिवसात संत होत नाही. पुढे त्यांच्या बंधूंचे निधन झाले आणि पुतणे पोरके झाले. काका ह्या नात्याने जेरोम ह्यांनी त्यांचे पालकत्व पत्करले व त्यांच्या मालमत्तेचा कारभारही सांभाळला. घरातील पोरक्या मुलांना वाढवतानाच रस्त्यावरच्या पोरक्या मुलांसाठी त्यांचे अंतःकरण तयार होत होते, असे आम्हांस वाटते.

१५२८ च्या सुमारास उत्तर इटलीवर दुष्काळ व रोगराईचे संकट कोसळले. आईबापांविना असंख्य मुले व्हेनिसच्या गल्ल्यांतून भटकू लागली. जेरोम ह्यांनी घरातील चीजवस्तू विकून भुकेल्यांना अन्न दिले व आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यात त्यांना स्वतःलाही तापाने गाठले. परंतु ते बचावले. १५३१ साली पुतण्यांचा हिशेब त्यांच्या हाती सोपवून त्यांनी वाड्याचा निरोप घेतला, जाडेभरडे कपडे अंगावर चढवले आणि ते अनाथ मुलांसमवेत राहू लागले. मुलांनी भीक मागू नये, म्हणून कारागीर नेमून त्यांना हस्तव्यवसाय शिकवण्यात आला. त्याबरोबर अक्षरओळख, प्रार्थना व धर्मशिक्षणही होते.

पुढे बेर्गामो, कोमो आदी ठिकाणी त्यांनी हे कार्य नेले. सोमास्का ह्या खेड्यात त्यांच्या सहकाऱ्यांचा संघ स्थिरावला; आज तो सोमास्कन संघ म्हणून ओळखला जातो. विशेष म्हणजे जेरोम ह्यांनी गुरुदीक्षा घेतली नाही. अखेरपर्यंत ते प्रापंचिकच राहिले. साथीच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन ८ फेब्रुवारी १५३७ रोजी त्यांनी देह ठेवला. १७६७ साली त्यांना संतपद बहाल झाले, तर १९२८ साली पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना अनाथ व निराधार मुलांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

आज आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. मूल परस्पर ठेवून घेता येत नाही. बालकल्याण समितीमार्फत ते कुटुंबाकडे सोपवले जाते. दत्तक मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकाला मात्र जीव लावून वाढवलेल्या मुलाला कधीतरी निरोप द्यावा लागतो. हेच त्यातील सर्वांत कठीण व्रत आहे, आणि म्हणूनच अनेक सज्जन घरे उंबरठ्यापाशी अडखळतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. केवळ एवढेच सुचवतो की, प्रपंचात राहूनही हे व्रत पाळता येते, हे संत जेरोम ह्यांनी दाखवून दिले आहे.

आपल्या शेजारी एखादे पोरके लेकरू असेल, तर ह्या संताच्या मध्यस्थीने आपल्याला त्याच्यासाठी दार उघडण्याचे धैर्य लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.