आवा शहरचे बंदिवान जडसनसाहेब

उपदेशक नव्या गावी गेला म्हणजे त्याची शिकवण ऐकण्यापूर्वी लोक तो कोणाचा व कोठला हे विचारतात. आणि तो उत्तर काहीही देवो, लोकांनी आपल्या मनाशी ते आधीच ठरविलेले असते. हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस आहे. म्हणून आज आम्ही ब्रह्मदेशच्या अदोनिराम जडसनसाहेबांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. ह्या एका प्रश्नापायी त्यांस जे भोगावे लागले, ते फार थोड्यांच्या वाट्यास आले असेल.

जडसनसाहेब जन्माने अमेरिकन. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७८८ रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील माल्डन गावी झाला. त्यांचे राष्ट्र इंग्लंडाशी लढून स्वतंत्र झाल्यास तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. भाषा इंग्रजी, पोशाख इंग्रजी, वर्ण तोच. तेव्हा परक्या देशातील मनुष्यास अमेरिकन व इंग्रज ह्यांतला भेद कसा कळावा? इंग्रजांस मात्र तो भेद पक्का ठाऊक होता, व त्यांच्या मनातून जुने वैर अद्यापि गेले नव्हते.

पहिला प्रसंग १८११ साली आला. मिशनकार्याची विचारपूस करण्यास साहेब इंग्लंडास निघाले असता त्यांचे जहाज फ्रेंचांनी धरिले. फ्रेंच व इंग्रज ह्यांचे त्या वेळी युद्ध चालू होते. जहाज इंग्रजी, तेव्हा आतले सर्व इंग्रज, असा हिशेब होऊन साहेबांस खलाशांबरोबर तळघरात कोंडिले व पुढे बायोन शहरी तुरुंगाकडे नेले. रस्त्याने चालताना ते इंग्रजीत मोठ्याने आपली फिर्याद सांगत गेले, ती एका अमेरिकन गृहस्थाच्या कानी पडली. त्याने तुरुंगात येऊन त्यांस आपल्या मोठ्या झग्याखाली लपवून बाहेर काढिले.

१८१२ च्या फेब्रुवारीत विवाह व दीक्षा उरकून ते पत्नी ॲनबाईंसह हिंदुस्थानास निघाले व जून महिन्यात कलकत्त्यास पोहोचले. कंपनी सरकारास मिशनरी मुळीच नको होते. त्यात त्याच जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडाशी युद्ध पुकारिले. मग अमेरिकन मिशनऱ्यांचा संशय अधिकच वाढला आणि निघून जाण्याचे हुकूम सुटले. त्यांच्याबरोबर दीक्षा घेतलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस आले. त्यांसही तसाच हुकूम झाला होता. पुढे पुष्कळ खटपटीनंतर त्यांस राहू दिले, व त्यांच्यापासून आमच्या मराठी मुलखातील मिशनचा आरंभ झाला. जडसनसाहेब मॉरिशस व मद्रास अशी वणवण करीत १३ जुलै १८१३ रोजी रंगूनास उतरले. ते अमेरिकन म्हणून इंग्रजांनी घालविले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रंगूनातील दहा वर्षे भाषा शिकण्यात व भाषांतरात गेली. सहा वर्षांनी, १८१९ साली, माउंग नाऊ हा पहिला ब्रह्मी मनुष्य बाप्तिस्मा पावला. १८२३ साली नवा करार पुरा झाला.

१८२४ च्या आरंभी साहेब राजधानी आवा येथे राहावयास गेले, आणि थोड्याच दिवसांत इंग्रज व ब्रह्मी राजा ह्यांचे युद्ध जुंपले. इंग्रजांनी रंगून घेतल्याची बातमी आली तेव्हा दरबारचा राग शहरातील गोऱ्या लोकांवर वळला. साहेबांनी आपण इंग्रज नाही, आपला राजा वेगळा, किंबहुना आपल्यास राजाच नाही, असे परोपरीने सांगितले. पण त्यांचे पैसे अमेरिकेहून बंगाल्यास येत व तेथून गाउजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या हुंडीने त्यांस मिळत. व्यापाऱ्याच्या वहीत नाव सापडले. मग इंग्रजांचा पैसा खाणारा तो इंग्रजांचा हेर, असे ठरण्यास कितीसा वेळ? ८ जून १८२४ रोजी जेवणाच्या वेळी अंमलदार मारेकऱ्यास घेऊन घरात शिरले, साहेबांस जमिनीवर पाडून दोरीने आवळिले व खुनी कैद्यांच्या तुरुंगात टाकिले.

त्या तुरुंगाचे ब्रह्मी नाव हात आखडू नको अशा अर्थाचे होते. पायांत बेड्यांचे तीन जोड. रात्री सर्वांच्या पायांतून एक लांब बांबू घालून तो वर ओढीत, म्हणजे खांदे तेवढे जमिनीस टेकत. अमेरिकन, इंग्रज, आर्मेनियन, ग्रीक असे सर्व एका रांगेत पडले होते. बाहेर ॲनबाई एकट्या. त्यांनी अंमलदारांच्या दारोदार फिरावे, कोठे नजराणा द्यावा, कोठे अपमान गिळावा, व अन्न आत पोहोचवावे. नव्या कराराची हस्तलिखिते त्यांनी एका उशीत शिवून नवऱ्याकडे दिली. चोरास मोह न व्हावा म्हणून उशी मुद्दाम कठीण व ओबडधोबड केली होती.

येथे एका सिंहाची गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. युद्धापूर्वी राजास एक सिंह नजर आला होता. तो दरबारचा लाडका. पण इंग्रजांच्या निशाणावर सिंह असतो हे कोणास तरी आठवले. झाले! त्या मुक्या जनावरासही हेर ठरवून तुरुंगाच्या अंगणात आणिले व उपाशी ठेवून मारिले. पुढे साहेब तापाने मरणोन्मुख झाले, तेव्हा ॲनबाईंनी तो रिकामा पिंजरा त्यांच्यासाठी मागून घेतला. कोंदट कोठडीपुढे तो महालच वाटला.

सर्वच ब्रह्मी लोक निर्दय होते असे मात्र कोणी समजू नये. राजधानीच्या एका वृद्ध अंमलदारास राणीच्या भावाने ह्या कैद्यांस गुपचूप ठार करण्याची आज्ञा तीनदा केली; त्याने एकदाही ती पाळिली नाही. आपण फार तर त्यांस दृष्टीआड ठेवू, असे त्याने डोळ्यांत पाणी आणून बाईंस सांगितले. ज्याचा देश आपल्या देशाशी लढत आहे असे तो समजत होता, त्याच्यासाठी त्याने आपला जीव धोक्यात घातला.

मे १८२५ मध्ये भर उन्हाळ्यात कैद्यांस अनवाणी औंगबिन्ले गावी चालविले. तापलेल्या वाळूने साहेबांच्या तळव्यांची कातडी निघाली. ग्रीक मनुष्य वाटेतच गतप्राण झाला. गडबडीत फेकलेली उशी माउंग इंग नावाच्या शिष्याने केवळ आठवण म्हणून उचलून नेली. पुष्कळ महिन्यांनी तीत नवा करार जसाच्या तसा सापडला.

पुढे इंग्रज राजधानीजवळ येऊ लागले, तेव्हा ज्यास हेर म्हणून बांधिले त्यालाच दुभाषी म्हणून बोलाविण्याची पाळी दरबारावर आली. २४ फेब्रुवारी १८२६ रोजी यांदाबो येथे तह झाला. इंग्रजांच्या छावणीत ॲनबाईंचा मोठा सन्मान झाला. तेथे ब्रह्मी वकिलांपैकी एकजण त्यांस पाहून थरथर कापू लागला. पूर्वी त्याने बाईंची छत्री हिसकावून त्यांस उन्हात परत लाविले होते. बाईंनी त्यास भिण्याचे कारण नाही असे सांगून धीर दिला. त्याच साली ऑक्टोबरात, साहेब दूर आवा येथे गेले असता, त्या मरण पावल्या. सहा महिन्यांनी तान्ही मारियाही गेली.

साहेब मात्र त्या लोकांस सोडून गेले नाहीत. १८३४ साली संपूर्ण ब्रह्मी बायबलाचे भाषांतर पुरे झाले; नंतर ते कोशाच्या कामास लागले. १८५० साली प्रकृती फारच ढासळल्यामुळे समुद्राची हवा खाण्यास निघाले असता १२ एप्रिल रोजी जहाजावरच त्यांचा अंत झाला, व त्याच दिवशी त्यांचे शरीर समुद्रास अर्पण केले. ते जहाज फ्रेंचांचे होते. मौलमेन येथे असलेल्या त्यांच्या पत्नीस ही बातमी चार महिन्यांनी पोहोचली.