शाहू महाराजांचा खंड्या

घरातलं जुनं कुत्रं गेलं की अंगण खायला उठतं. हे दुःख छत्रपतींनाही चुकलं नाही.

साताऱ्याचे थोरले शाहू महाराज म्हणजे संभाजीराजांचे चिरंजीव. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि हा सात वर्षांचा पोर मोगलांच्या कैदेत गेला. सुटका झाली थेट १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर. पुढच्याच वर्षी साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

महाराजांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा भारी नाद. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्यानं त्यांचा जीव वाचवला, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो गेल्यावर संगम माहुलीला समाधीही बांधली. ती आजही बघायला मिळते. १७४९ मध्ये महाराज गेले, त्यांची समाधीही माहुलीलाच.

तर मित्रांनो, खंड्या लोकांच्या लक्षात राहिला तो इमानामुळे, भारी जातीमुळे नव्हे. जुन्याचं दुःख ओसरलं आणि नवं पिल्लू आणायचं ठरलं, तर आपल्या चौसाळ्याचं ऊन आधी आठवा. दाट केसांच्या हस्कीचे इथं हालच होतात. कारवानी किंवा साधं गावठी पिल्लू इथं मजेत राहतं.