जनाबाईंचा बॅकअप कोणी घेतला? आणि रिस्टोअर एवढा हळू का होतो?

आज आपल्या परभणी जिल्ह्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यातूनच डेटाबेसचा इंडेक्स काय असतो तेही बघू. मी याच जिल्ह्यातला, त्यामुळं थोडं झुकतं माप चालवून घ्या.

गोदावरीकाठच्या गंगाखेडला तेराव्या शतकात जनाबाईंचा जन्म झाला. वडील दमा, आई करुंड. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी आल्या त्या कायमच्याच. दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेण गोळा करणं, सगळं अंगावर. ही कामं करता करताच त्या अभंग रचायच्या. डेटा जात्यावर तयार होतोय आणि साठवायला जागा फक्त डोकं. आपल्या भाषेत सगळं रॅममध्ये!

मग आज त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, ते आले कुठून? त्यांच्याच नावाच्या एका अभंगात कोणाचं कोण लिहून घ्यायचं याची यादी आहे. ज्ञानेश्वरांचं चिदानंदबाबा, निवृत्तिनाथांचं सोपानदेव, मुक्ताईंचं स्वतः ज्ञानेश्वर, सावता माळ्यांचं काशिबा गुरव, चोखोबांचं अनंतभट्ट. आणि जनीचं? तिथं नाव येतं थेट पांडुरंगाचं. श्रद्धेनं वाचा किंवा नुसतं वाचा, मला मात्र हे बोचतं. बाकीच्यांना लिहून घेणारा माणूस मिळाला. घरकाम करणाऱ्या बाईसाठी देवाला यावं लागलं.

१३५० साली नामदेवांबरोबरच त्यांनीही पंढरपुरात देह ठेवला, असं परंपरा सांगते. अभंग मात्र गाणाऱ्यांच्या तोंडी आणि वह्यांमध्ये टिकले, पुढं नामदेव गाथेसोबत छापलेही गेले.

आता मुद्द्यावर येऊ. जाडजूड गाथेत अभंगांची अकारादी सूची असते. एखादा अभंग हवा असला की सगळी पानं चाळायची नाहीत, सूची बघून थेट त्या पानावर जायचं. डेटाबेसचा इंडेक्स अगदी हेच करतो. पण समजा, तीच गाथा हातानं नव्यानं उतरवायचीय. एक अभंग लिहिला की लगेच सूचीत त्याची जागा शोधून मध्ये घुसवायचा. सूचीही एक नाही, सहा. काम रडतखडतच चालणार ना? हळू रिस्टोअरमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. प्रत्येक नोंद आत येताना सगळे इंडेक्स अपडेट होत बसतात.

म्हणून आधी सगळा डेटा आत घ्यायचा आणि इंडेक्स शेवटी एकदाच बांधायचे. पोस्टग्रेसचं पीजी-डंप फाइल याच क्रमानं लिहितं. बॅकअपच्या आधीच साफसफाई केली तर आणखी बरं. कोणी वापरत नाही ते आणि दोनदा बनलेले इंडेक्स काढून टाका, जेवढे कमी तेवढं शेवटचं बांधकाम लवकर. रिस्टोअर झाला की ॲनालाइझ चालवा, नाहीतर कोणता इंडेक्स वापरायचा याचा डेटाबेसचा अंदाज चुकतो. युनिक इंडेक्स काढताना मात्र जपून, मधल्या काळात एकच नोंद दोनदा शिरू शकते. संतांच्या गाथांमध्येही एकच अभंग दोघांच्या नावावर सापडतो, आणि तो खरा कोणाचा यावर अभ्यासक अजून भांडतात!

तुमच्या फोनमधली बरीच ॲप एस्क्यूएलाइट वापरतात. तिथं रीइंडेक्स आणि ॲनालाइझ दोन्ही आहेत, पण ते ॲप बनवणाऱ्यांचं काम. आपण रिस्टोअर चालू असताना ॲप बंद करायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

जात्यावर गाणं जनाबाईंनंतरही थांबलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या आणि त्यांचा डेटाबेस झाला. त्यात परभणी जिल्ह्यातल्या बायकाही आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे.