ऑरेल स्टोडोला

ऑरेल बोलेस्लाव्ह स्टोडोला (११ मे, १८५९ - २५ डिसेंबर, १९४२) हे स्लोव्हाक अभियंते आणि ईटीएच झ्युरिक या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक होते. वाफेच्या टर्बाइनच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. यंत्राचा सुटा भाग जसा वागतो तसाच तो जोडणीनंतर वागेल असे नाही. जुळवलेल्या यंत्रात त्याचे वर्तन कसे ओळखावे, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात वारंवार येतो.

जीवन

स्टोडोला यांचा जन्म तत्कालीन हंगेरीतील, आता स्लोव्हाकियात असलेल्या, लिप्टोव्ह्स्की मिकुलाश या गावी चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. बुडापेस्ट व झ्युरिक येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ प्राग येथील यंत्रकारखान्यात काम केले. १८९२ मध्ये ते झ्युरिकला प्राध्यापक झाले आणि १९२९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या सत्तराव्या वर्षी अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांच्यावर गौरवलेख लिहिला.

गव्हर्नरचा प्रश्न

जलविद्युत केंद्रातील टर्बाइनवर भार वाढला की वेग कमी होतो आणि गव्हर्नर पाण्याचे दार अधिक उघडतो. परंतु लांब नळातील पाण्याला जडत्व असते. दार उघडताच दाब क्षणभर उतरतो व शक्ती वाढण्याऐवजी आधी घटते. त्यामुळे सुटा असताना निर्दोष ठरलेला गव्हर्नर केंद्रात बसवल्यावर वेग सतत वरखाली करू लागतो. स्टोडोला यांनी नळ, टर्बाइन व गव्हर्नर यांची समीकरणे एकत्र मांडली, तेव्हा सातव्या घाताचे समीकरण हाती आले. ते न सोडवता संच स्थिर राहील की नाही हे सांगता येईल का, असे त्यांनी आपले सहकारी गणितज्ञ अडॉल्फ हुर्विट्झ यांना विचारले. हुर्विट्झ यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेला निकष याच प्रश्नाचे उत्तर होय; तो दावोस येथील टर्बाइन केंद्रासाठी वापरला गेला. इंग्लंडमध्ये एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्येच समतुल्य निकष मांडला होता, याची झ्युरिकमध्ये कल्पना नव्हती. आज तो दोघांच्या नावाने ओळखला जातो.

शाफ्ट आणि चकत्या

१९०३ मध्ये वाफेच्या टर्बाइनवरील त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील आवृत्त्यांत तो वाढत गेला आणि १९२४ च्या सहाव्या आवृत्तीत वायू टर्बाइनचाही विस्ताराने समावेश झाला. शाफ्ट विशिष्ट वेगाने फिरू लागला की त्याचा थोडासा असमतोलही धोकादायक कंपने निर्माण करतो. यास क्रांतिक वेग म्हणतात. नुसत्या शाफ्टसाठी तो काढणे सोपे आहे. मात्र त्यावर जड चकत्या बसल्या की हिशोब बदलतो: चकत्यांचे वजन, त्यांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि बेअरिंगची लवचिकता हे सर्व त्यात येते. स्टोडोला यांनी शाफ्टच्या वाकाचा आकार अंदाजाने धरून त्यावरून जडत्वबल, त्या बलावरून नवा वाक, असा हिशोब पुन्हा पुन्हा करण्याची रीत दिली. दर फेरीगणिक आकार सुधारतो व मूळ अंदाज चुकला असला तरी फारसे बिघडत नाही. संगणक नसताना कागदावरच्या आलेखाने हे काम होई, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. ती स्टोडोला पद्धत म्हणून ओळखली जाते.

अन्य कार्य

पहिल्या महायुद्धाच्या काळात शल्यविशारद फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्यासह त्यांनी, हात गमावलेल्यांच्या उरलेल्या स्नायूंनी चालणारा कृत्रिम हात तयार करण्यास साहाय्य केले.

वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ७ जुलै १९३९ रोजी, ब्राउन बोव्हेरी कंपनीने नूशातेल शहरासाठी बांधलेल्या ४,००० किलोवॅटच्या वायू टर्बाइनची चाचणी त्यांनी घेतली. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी उभारलेले ते अशा प्रकारचे पहिले यंत्र होते. त्यात टर्बाइनच्या शक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश शक्ती कॉम्प्रेसर फिरवण्यातच खर्च होई आणि जनित्रापाशी केवळ उरलेली शक्ती दिसे. म्हणून दोन्ही भागांतील दाब व तापमान वेगवेगळे मोजून प्रत्येकाची कार्यक्षमता काढावी लागली. एकूण कार्यक्षमता सुमारे १७.४ टक्के भरली. हे यंत्र २००२ पर्यंत वापरात होते.

स्टोडोला यांचे निधन झ्युरिक येथे झाले. ३९८१ क्रमांकाच्या लघुग्रहास त्यांचे नाव देण्यात आले आहे.