सर दोराबजी टाटा : पत्नीच्या दुर्धर आजाराने दाखवलेली वाट

मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करुग्ण येतात. बहुतेकांसोबत घरचे कोणीतरी असते. कित्येकदा ती पत्नी असते, कित्येकदा पती. हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी आणि चेहऱ्यावर न विचारलेला प्रश्न घेऊन ही माणसे रांगेत उभी असतात. हे रुग्णालय उभे राहण्यामागेही अशाच एका पतीचे दुःख आहे. त्या पतीचे नाव सर दोराबजी टाटा.

जमशेटजी टाटा यांचे हे ज्येष्ठ पुत्र. २७ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचा जन्म झाला. काही काळ केंब्रिजमध्ये शिकून ते परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. प्रारंभी त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात काम केले, नंतर ते वडिलांच्या व्यवसायात आले. १९०४ मध्ये जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले. त्यांनी पाहिलेली पोलाद कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्थेची स्वप्ने त्या वेळी कागदावरच होती. ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी दोराबजींवर आली. लोहखनिजाच्या शोधात ते चांदा जिल्ह्याच्या रानावनात हिंडले. नागपूरच्या संग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशाने त्यांना दुर्ग जिल्ह्यातील खनिजाची दिशा दाखवली. १९०७ मध्ये पोलाद कंपनीची स्थापना झाली आणि १९१२ मध्ये साकची येथे पोलाद तयार होऊ लागले. १९१० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. म्हैसूर संस्थानातील शिक्षण खात्याचे प्रमुख होरमसजी भाभा यांची ही कन्या. विवाहसमयी दोराबजी अडतीस वर्षांचे, तर मेहेरबाई अठरा वर्षांच्या होत्या. वयातील अंतर मोठे असले तरी आवडीनिवडी जुळल्या. दोघांनाही खेळांची विलक्षण ओढ होती. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी भारताकडून त्यांचे नाव होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या दोराबजींनी १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यासाठी पुढाकार घेतला आणि स्वतःच्या खिशातून पैसेही दिले. मेहेरबाईंचे कार्य क्रीडांगणापुरते मर्यादित नव्हते. स्त्रीशिक्षण, बालविवाहाला विरोध आणि महिला परिषदेची उभारणी यांत त्या अग्रभागी होत्या.

दोराबजींनी पत्नीसाठी ‘ज्युबिली’ हा २४५ कॅरेटचा हिरा विकत घेतला होता. वजनाने तो कोहिनूरच्या दुपटीहून अधिक होता. १९२४ मध्ये पोलाद कंपनी डबघाईला आली, कामगारांचे पगार देणे अवघड झाले. तेव्हा दोराबजींनी इम्पीरियल बँकेकडे आपली वैयक्तिक मालमत्ता गहाण ठेवली. त्यात पत्नीचे दागिने होते आणि हा हिराही होता. कंपनी तरली, कर्ज फिटले. पैशाने सुटणारे संकट या दाम्पत्याने असे एकत्र निभावले.

पुढचे संकट मात्र पैशाने सुटणारे नव्हते. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध जगात कोठेही नव्हते. क्ष-किरणांचे उपचार होत, त्यांनी काही काळ आराम पडे, पण रोग हटत नसे. रसायनांच्या साहाय्याने या रोगाला काही प्रमाणात आवर घालण्याचे पहिले यशस्वी प्रयोग १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. म्हणजे त्या वेळी रुग्णाच्या आप्तांना एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. उत्तम शुश्रूषा मिळेल अशा ठिकाणी रुग्णाला ठेवायचे आणि उरलेले दिवस शक्य तितके सुसह्य करायचे. मेहेरबाईंचे अखेरचे दिवस उत्तर वेल्समधील रुथिन येथील एका शुश्रूषागृहात गेले. १८ जून १९३१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न. लंडननजीकच्या ब्रूकवुड येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. जमशेटजींची समाधीही तेथेच आहे.

दोराबजी त्या वेळी एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांना अपत्य नव्हते. तेहतीस वर्षांचा सहवास संपला होता. परदेशात पत्नीवर झाले तसे उपचार आपल्या देशातील रुग्णांनाही मिळावेत, यासाठी भारतात रेडियम उपचारांची सोय करण्याचा विचार त्यांनी सुरू केला. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती एका विश्वस्त निधीला दिली. ‘ज्युबिली’ हिराही त्यात होता. पाठोपाठ एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा स्मारक निधी स्थापन झाला. रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्यांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, साहाय्य देणे हे त्याचे उद्दिष्ट. ज्या रोगापुढे आपण हतबल झालो, त्या रोगाचे कोडे कधीतरी कोणीतरी सोडवावे, अशी त्यामागची तळमळ होती.

त्याच वर्षी ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. मेहेरबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला पंधरा दिवस उरले होते. ब्रूकवुडला पत्नीशेजारीच त्यांना ठेवण्यात आले.

रेडियम केंद्राची कल्पना त्यांच्या पश्चात नौरोजी सकलातवाला यांनी पुढे नेली. नुसत्या केंद्राऐवजी परिपूर्ण रुग्णालयच उभारावे असे ठरले. जे. आर. डी. टाटा यांच्या पाठिंब्याने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळच्या गिरणगावात सात मजली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. हिरा १९३७ मध्ये विकला गेला आणि त्याची रक्कमही निधीच्या कामी आली. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आले. त्या खात्याचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे पुत्र होते.

आज रक्ताच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण बरे होतात. तरीही काहींच्या बाबतीत उपचार थांबवण्याची वेळ येतेच. अशा रुग्णांसाठी १९८६ मध्ये कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू केले. देशातील हे पहिले हॉस्पिस. जोडीदाराला तेथे नेताना अनेकांना वाटते की, आपण प्रयत्न सोडले, आपण हरलो. दोराबजींचे चरित्र अशा प्रत्येकाने वाचावे. ज्यांच्यापाशी कोहिनूरहून मोठा हिरा होता, त्यांनाही अखेरीस पत्नीसाठी चांगल्या शुश्रूषेपलीकडे काही मिळवता आले नाही. त्यात त्यांच्या प्रेमाची उणीव नव्हती. शुश्रूषा हा त्या प्रेमाचाच शेवटचा भाग होता. परळच्या रुग्णालयात आजही हजारो अनोळखी रुग्णांना त्या प्रेमाचा आधार मिळतो आहे.